व्हर्च्युअल मशीन आणि व्हर्च्युअलायझेशन सर्व्हर: नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी उभारणी, देखरेख आणि वेग

एका सर्व्हरवर दहा-पंधरा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने घडवलेले स्वतंत्र संगणक, चालू करणे आज अजिबात अवघड राहिलेले नाही. त्यासाठीच्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात; प्रोक्समॉक्स, व्हीएमवेअर ईएसएक्सआय, हायपर-व्ही किंवा लिनक्सवरील केव्हीएम यांपैकी काहीही घेतले, तरी तासाभरात पहिले मशीन उभे राहते. खरे कौशल्य त्यानंतर लागते. ती सगळी मशीन वर्षभर एकमेकांच्या आड न येता चालली पाहिजेत, एखादे मंदावले तर नेमके कशामुळे मंदावले हे सांगता आले पाहिजे आणि सर्व्हर बंद पडला तरी काम परत सुरू करता आले पाहिजे.

या सगळ्या कामात एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. व्हर्च्युअल मशीनला आपण वाटणीत जगतो आहोत हे ठाऊक नसते. त्याला दिलेले चार प्रोसेसर पूर्णपणे आपलेच आहेत अशा समजुतीने ते चालते, आणि म्हणून त्याच्या आत दिसणारे आकडे हे नेहमी अर्धेच सत्य असते. उरलेले अर्धे सत्य होस्टवर, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हरवर असते. गेस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, आणि होस्ट अशा दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये, आणि कोणतीही सेटिंग तर मुळीच बदलू नये.

खर्च कुठे होतो

जुन्या एक्स८६ प्रोसेसरांची रचना व्हर्च्युअलायझेशनला अनुकूल नव्हती, कारण काही संवेदनशील सूचना (प्रोसेसरला दिलेले आदेश) हायपरवायझरच्या हाती न लागता परस्पर वेगळेच फळ देत. १९९९ मध्ये आलेल्या व्हीएमवेअर वर्कस्टेशनने अशा सूचना चालता चालता बदलण्याची युक्ती वापरली. पुढे २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने प्रोसेसरमध्येच त्यासाठी आधार दिला. २००७ च्या सुरुवातीला लिनक्स कर्नलच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएम समाविष्ट झाले ते याच आधारावर. मेमरीच्या पत्त्यांचे दुहेरी भाषांतरही थोड्याच काळात प्रोसेसरकडे सोपवले गेले.

हा इतिहास इथे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. आज निव्वळ गणनेचे काम व्हर्च्युअल मशीनमध्ये जवळजवळ मूळ वेगानेच होते. वेळ वाया जातो तो गेस्ट आणि होस्ट यांच्यामधली सीमा ओलांडताना, म्हणजे डिस्कवर लिहिताना, नेटवर्कवर पाकीट (पॅकेट) पाठवताना, उपकरणांकडून येणारे व्यत्यय (इंटरप्ट) हाताळताना. आणि त्याहून अधिक जातो तो वाटणीसाठी रांगेत थांबताना. सुधारणेचा प्रयत्न याच दोन जागी करायचा असतो.

होस्टची तयारी

सर्व्हरच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनचा आधार चालू आहे का, हे प्रथम पाहावे. इंटेलच्या यंत्रांत तो व्हीटी-एक्स आणि एएमडीच्या यंत्रांत एसव्हीएम किंवा एएमडी-व्ही या नावाने सापडतो. एखादे पीसीआय कार्ड थेट गेस्टच्या ताब्यात द्यायचे असेल, तर व्हीटी-डी किंवा आयओएमएमयू हा पर्यायही चालू करावा. त्याच फेरीत वीजवापराचे प्रोफाइल तपासावे. अनेक सर्व्हर कारखान्यातून वीज वाचवण्याच्या किंवा समतोल साधण्याच्या प्रोफाइलवर येतात. त्यामुळे प्रोसेसर गाढ विश्रांतीत जातो आणि प्रत्येक छोट्या कामासाठी त्याला जागे होण्यात वेळ जातो. प्रतिसादाचा वेळ महत्त्वाचा असलेल्या होस्टवर कार्यक्षमतेचे प्रोफाइल निवडणे योग्य ठरते.

मेमरीच्या पट्ट्या सर्व चॅनेलमध्ये सारख्या बसवलेल्या असाव्यात. एकच मोठी पट्टी बसवून बाकीचे चॅनेल मोकळे ठेवले, तर मेमरीचा वेग मूळ क्षमतेच्या खूप खाली राहतो आणि ही उणीव कोणत्याही सॉफ्टवेअर सेटिंगने भरून निघत नाही. मेमरी ईसीसी प्रकारचीच, म्हणजे चुकलेला बिट स्वतः सुधारणारी, घ्यावी, कारण इथे एका चुकलेल्या बिटचा फटका एकाच वेळी अनेक मशीनना बसू शकतो.

होस्टवर हायपरवायझर सोडून दुसरे काही चालवू नये. फाइल सर्व्हर, डेटाबेस, देखरेखीचे जड साधन हे सगळे एखाद्या मशीनमध्ये जावे. होस्टच्या स्वतःच्या गरजेसाठी मेमरी राखून ठेवावी. २५६ जीबीच्या सर्व्हरवर सर्वच्या सर्व २५६ जीबी मशीनना वाटून टाकणे म्हणजे अडचणीला आमंत्रण देणे होय. साठवणुकीसाठी झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरणार असल्यास त्याची वाचन-कॅशे होस्टचीच मेमरी घेते, म्हणून तिची कमाल मर्यादा स्पष्टपणे ठरवून द्यावी.

व्यवस्थापनाचे नेटवर्क, म्हणजे ज्यावरून होस्टच्या नियंत्रणफलकाशी संपर्क होतो ते, मशीनच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवावे. हे काम पहिल्याच दिवशी सोपे असते. वीस मशीन चालू झाल्यावर तेच फार त्रासाचे होते.

पहिले मशीन घडवताना

नवखा माणूस बहुधा उदार असतो. प्रत्यक्ष सर्व्हरवर सोळा कोर होते म्हणून मशीनलाही सोळा द्यावेत, असे त्याला वाटते. माझा आग्रह उलटा आहे: दोन प्रोसेसर आणि कामाला पुरेशी मेमरी देऊन सुरुवात करावी, आठवडाभराचे आकडे पाहावेत आणि मगच वाढवावे. वाढवणे नेहमी सोपे असते. दिलेले काढून घेताना मात्र मशीन बंद करावे लागते, वापरणाऱ्याची समजूत घालावी लागते आणि बहुतेक वेळा ते काम होतच नाही.

प्रोसेसरचा प्रकार निवडताना दोन टोके दिसतात. होस्टचा प्रोसेसर जसाच्या तसा दाखवला, तर गेस्टला त्याच्या सर्व सूचना वापरता येतात. सर्वसाधारण, जुन्या धाटणीचा प्रकार निवडला, तर मशीन वेगवेगळ्या होस्टवर हलवता येते, परंतु एन्क्रिप्शनला वेग देणाऱ्या एईएससारख्या सूचना गेस्टला दिसेनाशा होतात. मग कूटबद्ध डिस्क किंवा व्हीपीएन चालवणारे मशीन विनाकारण प्रोसेसर जाळत बसते. एकच होस्ट असेल तर पहिला मार्ग घ्यावा. अनेक होस्ट असतील, तर त्यांतील सर्वांत जुन्या प्रोसेसरला जे जमते ते सर्व देणारा प्रकार निवडावा.

डिस्क आणि नेटवर्कसाठी व्हर्टआयओ प्रकारची उपकरणे निवडावीत. व्हीएमवेअरमध्ये त्यांची जागा पीव्हीस्कझी आणि व्हीएमएक्सनेट३ ही घेतात. खऱ्या बाजारातल्या जुन्या कार्डाची हुबेहूब नक्कल करण्यात हायपरवायझरचे फार श्रम जातात. ही उपकरणे मात्र गेस्टला आपण व्हर्च्युअल आहोत हे उघड सांगतात आणि दोघांमध्ये सामायिक मेमरीतून, कमीत कमी वेळा सीमा ओलांडून देवाणघेवाण करतात. लिनक्समध्ये व्हर्टआयओचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. विंडोजमध्ये ते नसतात, म्हणून स्थापनेच्या वेळी ड्रायव्हरची वेगळी आयएसओ (डिस्कची प्रतिमा असलेली फाइल) जोडावी लागते. ती न जोडल्यास स्थापना करणाऱ्याला डिस्कच दिसत नाही. सिस्टिम बसवून झाली की गेस्ट एजंट, म्हणजे गेस्टमधून होस्टशी बोलणारा छोटा प्रोग्राम, लगेच बसवावा, कारण व्यवस्थित बंद करणे, आयपी पत्ता कळणे आणि बॅकअपच्या क्षणी फाइल सिस्टिम स्थिर करणे ही सगळी कामे त्याच्यावर अवलंबून असतात.

न लागणारी उपकरणे काढून टाकावीत. मे २०१५ मध्ये व्हेनम नावाने प्रसिद्ध झालेली त्रुटी केव्हीएमसोबत उपकरणांची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयूच्या फ्लॉपी कंट्रोलरच्या कोडमध्ये होती, आणि तिचा आधार घेऊन गेस्टमधून होस्टपर्यंत पोहोचण्याचा धोका होता. फ्लॉपी ड्राइव्ह काढल्यावरही कंट्रोलरचा तो कोड काही रचनांत कार्यरत राहत असल्याने, हायपरवायझर अद्ययावत ठेवणे हाच त्यावरचा खरा इलाज ठरला. उपकरणांची छाटणी आणि नियमित अद्ययावतता ही दोन्ही कामे करावी लागतात. एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही.

एक मशीन नीट जमले की त्याचे टेम्पलेट, म्हणजे पुढच्या मशीनसाठी साचा, करावे. टेम्पलेट करण्यापूर्वी एसएसएचच्या (दुरून प्रवेशाच्या) होस्ट-किल्ल्या आणि मशीन-आयडी पुसून टाकावेत, म्हणजे प्रत्येक प्रतीमध्ये ते नव्याने तयार होतील. विंडोजसाठी हेच काम सिसप्रेप करते.

प्रोसेसर: गर्दी आणि रांग

केव्हीएममध्ये मशीनला दिलेला प्रत्येक व्हर्च्युअल प्रोसेसर हा होस्टच्या दृष्टीने एक साधा थ्रेड, म्हणजे कामाचा एक धागा, असतो. होस्टचा शेड्यूलर त्याला इतर थ्रेडप्रमाणेच पाळीपाळीने चालवतो. त्यामुळे बत्तीस कोरच्या होस्टवर एकूण साठ-सत्तर व्हर्च्युअल प्रोसेसर वाटणे चालू शकते, कारण बहुतेक मशीन बहुतेक वेळ स्वस्थ असतात. प्रश्न उभा राहतो तो सगळी एकाच वेळी जागी झाल्यावर.

ही गर्दी मोजण्याचे माप ठरलेले आहे. लिनक्स गेस्टमध्ये टॉप किंवा व्हीएमस्टॅट ही आज्ञा चालवल्यास प्रोसेसरच्या ओळीत एसटी (स्टील, म्हणजे चोरीला गेलेला वेळ) या अक्षरांजवळ एक आकडा दिसतो. गेस्टला काम करायचे होते, परंतु होस्टने तो वेळ दुसऱ्या कुणाला दिला, असा जो वेळ असतो त्याची ती टक्केवारी आहे. ईएसएक्सआयमध्ये हेच माप रेडी या नावाने होस्टच्या बाजूने दिसते. तिथल्या तात्काळ आलेखात प्रत्येक नोंद २० सेकंदांची असते, म्हणून एका व्हर्च्युअल प्रोसेसरचा रेडी आकडा १,००० मिलिसेकंद असेल, तर तो ५ टक्के झाला. साधारणपणे ५ टक्क्यांपर्यंत चिंता नसते, आणि १० टक्क्यांच्या पुढे वापरणाऱ्याला मंदपणा जाणवू लागतो.

आता त्या उदारपणाचा परिणाम पाहावा. आठ व्हर्च्युअल प्रोसेसर दिलेल्या मशीनमध्ये एक प्रोसेसर कुलूप (सामायिक माहिती एका वेळी एकालाच वापरू देणारी खूण) धरून बसलेला असताना होस्टने त्यालाच बाजूला काढले, तर उरलेले सात ते कुलूप सुटण्याची वाट पाहत नुसते फिरत राहतात आणि होस्टचा वेळ जाळतात. म्हणजेच गरज दोनची असताना आठ दिले, तर ते मशीन स्वतः हळू होऊ शकते आणि शेजाऱ्यांनाही हळू करते. गर्दीच्या होस्टवर प्रोसेसर कमी केल्याने मशीनचा वेग वाढतो, हे ऐकायला विचित्र वाटले तरी वारंवार खरे ठरते.

हायपर-थ्रेडिंगमुळे दिसणारे दोन थ्रेड म्हणजे दोन कोर नव्हेत. ते एकाच कोरची साधने वाटून घेतात. क्षमतेचा हिशेब प्रत्यक्ष कोरवर करावा आणि थ्रेडमुळे मिळणारी वाढ ही वरकड समजावी.

दोन सॉकेटच्या, म्हणजे दोन प्रोसेसर चिप बसवलेल्या, सर्व्हरवर न्यूमाचा विचार करणे भाग पडते. प्रत्येक सॉकेटजवळ त्याची स्वतःची मेमरी असते आणि पलीकडच्या सॉकेटची मेमरी वाचायला अधिक वेळ लागतो. समजा प्रत्येक सॉकेटवर १६ कोर आणि १२८ जीबी मेमरी आहे. अशा होस्टवर १२ प्रोसेसर आणि ९६ जीबीचे मशीन एका बाजूला पूर्ण मावते, परंतु २० प्रोसेसरचे मशीन दोन्हीकडे पसरते. पसरणे अटळ असेल, तर होस्टची ही विभागणी गेस्टलाही दिसेल अशी रचना करावी, म्हणजे आतला डेटाबेस किंवा आतली कार्यप्रणाली आपली मेमरी जवळच्या बाजूला ठेवू शकेल. शक्यतो मात्र मशीनचा आकार एका बाजूत मावेल एवढाच ठेवावा.

विशिष्ट व्हर्च्युअल प्रोसेसर विशिष्ट कोरला बांधून ठेवण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. दूरध्वनी-सेवा किंवा प्रत्यक्ष वेळेत चालणाऱ्या नियंत्रण प्रणालींना तिचा मोठा उपयोग होतो. सर्वसाधारण मशीनना तसे बांधू नये, कारण त्यामुळे शेड्यूलरचे स्वातंत्र्य जाते आणि शेजारचा कोर मोकळा असूनही बांधलेले मशीन आपल्याच रांगेत थांबते.

मेमरी

प्रोसेसरचा वेळ पाळीपाळीने वाटता येतो. मेमरीचे तसे नाही. एका मशीनने व्यापलेले पान, म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा, दुसऱ्याला द्यायचे, तर आधी ते रिकामे करावे लागते. म्हणून प्रोसेसरमध्ये थोडा हात सैल ठेवता येतो, मेमरीत मात्र आखडता घ्यावा.

मेमरी जास्त वाटली गेल्यास हायपरवायझरकडे काही उपाय असतात. लिनक्समधील केएसएम हे वेगवेगळ्या मशीनमधली तंतोतंत सारखी पाने शोधून त्यांची एकच प्रत ठेवते. एकाच टेम्पलेटपासून घडवलेली पुष्कळ मशीन असतील तर बचत चांगली होते, पण शोधण्याच्या कामाला प्रोसेसर खर्च होतो. शिवाय एका मशीनला दुसऱ्याच्या मेमरीतील मजकुराचा वेळेच्या मोजमापावरून अंदाज घेता येण्याची शक्यता उरते, म्हणून परस्परांवर विश्वास नसलेल्या लोकांची मशीन एकत्र असतील तिथे ते बंद ठेवावे. बलूनिंगमध्ये गेस्टच्या आत बसलेला ड्रायव्हर मेमरी मागून फुगतो आणि ती होस्टला परत करतो. कोणती पाने सोडायची हे गेस्ट स्वतः ठरवतो, ही त्याची जमेची बाजू. हे सगळे कमी पडले की शेवटी होस्ट स्वॅप करू लागतो, म्हणजे मेमरीतली पाने डिस्कवर टाकू लागतो, आणि ती अवस्था येऊ देऊ नये. कोणते पान महत्त्वाचे हे होस्टला कळत नाही; गेस्टला जे मेमरीत आहे असे वाटते ते प्रत्यक्षात डिस्कवर गेलेले असते, आणि आतले सगळे आकडे उत्तम दिसत असतानाही मशीन रांगत चालते.

डेटाबेस आणि जावाची मोठी मशीन यांच्यासाठी मेमरी पूर्ण आरक्षित ठेवावी. अशा मशीनमध्ये बलून फुगवणे म्हणजे डेटाबेसने जपलेली कॅशे हिसकावून घेणे.

मोठ्या मशीनना मोठी पाने द्यावीत, ही सूचना फार फायद्याची आहे. नेहमीचे पान ४ केबीचे असते. ६४ जीबीच्या मशीनला अशी सुमारे १ कोटी ६७ लाख पाने लागतात. पान २ एमबीचे केले, तर केवळ ३२,७६८. पत्त्याचे भाषांतर प्रोसेसरच्या छोट्या तक्त्यात सापडले नाही, तर साध्या यंत्रावर चार पायऱ्यांच्या कोष्टकासाठी चार वेळा मेमरी वाचावी लागते, आणि व्हर्च्युअल मशीनमध्ये गेस्ट आणि होस्ट अशी दोन्ही कोष्टके ओलांडताना हा आकडा चोवीसपर्यंत जातो. पाने मोठी झाली की ही वेळच कमी वेळा येते. मोठी पाने होस्ट सुरू होतानाच राखून ठेवावीत, कारण नंतर मेमरीचे तुकडे झाल्यावर सलग जागा मिळेलच असे नाही. राखलेली मेमरी इतर कामांना मिळत नाही, एवढे मात्र हिशेबात धरावे.

डिस्क: बहुतेक तक्रारींचे मूळ

मशीन हळू आहे अशी तक्रार आली, तर सर्वप्रथम साठवणुकीकडे पाहावे. इथे मोठी बेरीज फसवी ठरते. सेकंदाला किती एमबी वाचता येतात हा आकडा जाहिरातीत शोभतो. मशीनला जाणवते ती एका छोट्या विनंतीला लागणारी वेळ. ७,२०० फेऱ्यांच्या फिरत्या डिस्कला एक फेरी पूर्ण करायला ८ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो, त्यात डिस्कवरचा वाचक हात हलवण्याचा वेळ मिळवला की ती सेकंदाला विखुरलेली सुमारे शंभरच कामे करू शकते. एका मशीनचे सलग वाचन तिला सहज जमते. दहा मशीनची दहा सलग वाचने एकत्र आली, की डिस्कच्या दृष्टीने ते सगळे विखुरलेलेच काम होते. म्हणूनच व्हर्च्युअलायझेशनसाठी एसएसडी ही चैन मानू नये.

एसएसडी घेताना वीज गेल्यावरही हातातले लिखाण पूर्ण करणारी, म्हणजे आत कपॅसिटर असलेली घ्यावी. डेटाबेस प्रत्येक व्यवहारानंतर मजकूर खरोखर डिस्कवर पोहोचल्याची खातरजमा मागतो. अशी एसएसडी ती खातरजमा लगेच देऊ शकते. घरगुती वापराच्या एसएसडीला प्रत्येक वेळी मूळ चिपवर लिहीपर्यंत थांबावे लागते. कागदावर दोन्हींचे आकडे सारखेच दिसतात, कामात फरक कित्येक पटींचा पडतो.

रेडची, म्हणजे अनेक डिस्क मिळून मजकूर साठवण्याच्या पद्धतीची, निवडही इथे बोलते. रेड ५ मध्ये एका छोट्या लिखाणासाठी जुना मजकूर आणि जुनी समता (डिस्क गेल्यास मजकूर परत काढण्याचा हिशेब) वाचणे, नंतर दोन्ही नव्याने लिहिणे अशी चार कामे होतात. रेड ६ मध्ये सहा. आरशासारखी प्रत ठेवणाऱ्या रेड १० मध्ये दोनच. लिखाण जास्त असलेल्या मशीनसाठी रेड १० घ्यावे आणि गेलेल्या जागेचे वाईट वाटून घेऊ नये.

डिस्कचे स्वरूप निवडताना कच्चे स्वरूप सर्वांत सरळ असते, तर क्यूकाउ२ मध्ये स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची स्थिती जपणे) आणि हळूहळू वाढणारा आकार या सोयी मिळतात. हळूहळू वाढणाऱ्या डिस्क वापरताना देखरेख ही अट आहे. दहा मशीनना प्रत्येकी २०० जीबी दिले आणि प्रत्यक्ष जागा १,००० जीबीच असली, तर एके दिवशी ती भरते आणि लिहू पाहणारी मशीन एकामागून एक थांबतात. साठा ७५ ते ८० टक्के भरला की सूचना येईल अशी व्यवस्था करावी. त्यासोबत डिसकार्ड हा पर्याय चालू करून गेस्टमध्ये मोकळी जागा परत करण्याचे काम नियमित चालवावे. अन्यथा गेस्टमध्ये खोडलेल्या फाइलींची जागा होस्टच्या लेखी कधीच मोकळी होत नाही.

कॅशेच्या पर्यायांत केव्हीएमवर नन हा बहुतेकांसाठी योग्य असतो, कारण त्यात होस्टची पान-कॅशे वगळली जाते आणि एकच मजकूर गेस्ट आणि होस्ट अशा दोन ठिकाणी साठत नाही. राइटबॅक काही वेळा वेगवान वाटतो. गेस्ट खातरजमा मागतो तेव्हा तोही मजकूर डिस्कपर्यंत पोहोचवतो, पण होस्टची मेमरी खातो. अनसेफ हा पर्याय खातरजमेच्या मागण्यांकडे दुर्लक्षच करतो. तात्पुरत्या चाचणी-मशीनखेरीज तो कुठेही वापरू नये, मग मोजणीचे आकडे कितीही मोहक येवोत.

एका मशीनच्या डिस्कचे काम वेगळ्या आयओथ्रेडवर सोपवले, तर ते मुख्य प्रक्रियेत अडकून पडत नाही. एखादे मशीन सतत साठा गिळत असेल, तर त्याच्यावर सेकंदाला किती कामे करता येतील याची मर्यादा घालावी. आणि एक साधी गोष्ट, जी मी प्रत्येक नव्या ठिकाणी सर्वांत आधी तपासतो: सगळ्या मशीनची रात्रीची कामे एकाच मिनिटाला सुरू होतात का? एकाच टेम्पलेटपासून घडलेल्या मशीनमध्ये लॉगची फेरपालट, अद्ययावतता आणि विषाणू-तपासणी यांच्या वेळा तंतोतंत सारख्या असतात, आणि मध्यरात्री सगळी एकदम डिस्कवर तुटून पडतात. या वेळा विखुरल्या, तर नवे हार्डवेअर न घेताही तक्रार मिटू शकते.

नेटवर्क आणि घड्याळ

नेटवर्कमध्ये योग्य प्रकारचे कार्ड निवडले की बहुतेक काम झाले. अनेक प्रोसेसर असलेल्या आणि भरपूर पाकिटे हाताळणाऱ्या मशीनला एकापेक्षा अधिक रांगा द्याव्यात, म्हणजे सगळा भार एकाच प्रोसेसरवर येणार नाही. एसआर-आयओव्हीने प्रत्यक्ष कार्डाचा एक हिस्सा थेट गेस्टला देता येतो आणि वेग उत्तम मिळतो, पण मग ते मशीन दुसऱ्या होस्टवर हलवणे अवघड होते. ९,००० बाइटच्या मोठ्या पाकिटांचा उपयोग साठवणुकीच्या स्वतंत्र नेटवर्कवर करावा, आणि तोही मार्गातील प्रत्येक स्विच आणि कार्डावर तीच मर्यादा ठेवूनच. एका ठिकाणी विसरले तर छोटी पाकिटे जातात, मोठी हरवतात आणि दोष शोधताना दिवस जातो.

घड्याळाबाबत, लिनक्स गेस्टमध्ये केव्हीएमचे घड्याळ आणि वेळ जुळवणारी क्रोनी सेवा ही जोडी पुरेशी असते. हायपरवायझरची वेळ-जुळवणी आणि गेस्टमधली नेटवर्कवरून वेळ घेणारी एनटीपी सेवा ही दोन्ही एकाच वेळी घड्याळ ओढत नाहीत ना, एवढे पाहावे.

तक्रार आल्यावर

क्रम ठरलेला असावा. आधी गेस्टमध्ये पाहावे: प्रोसेसर खरोखर कामात आहे, चोरीला गेलेला वेळ जास्त आहे, की डिस्कच्या प्रतीक्षेत वेळ जातो आहे? मग त्याच क्षणी होस्टवर तेच प्रश्न विचारावेत. गेस्टमध्ये आयओस्टॅट हे साधन डिस्कच्या विनंतीला ४० मिलिसेकंद दाखवत असेल आणि होस्टवर तीच डिस्क २ मिलिसेकंदांत उत्तर देत असेल, तर दोष डिस्कमध्ये नसून मधल्या थरात आहे; मर्यादा, रांगेची खोली किंवा चुकीचा कंट्रोलर तपासावा. दोन्हीकडे ४० दिसत असतील, तर कोणता शेजारी साठ्यावर भार टाकतो आहे ते शोधावे. गेस्ट निवांत दिसतो पण वापरणारा त्रासलेला आहे, अशा वेळी होस्टचा स्वॅप आधी पाहावा.

यासाठी चांगल्या दिवसाचे आकडे हाताशी असावे लागतात. सर्व काही सुरळीत असताना एफआयओ या मोजणी-साधनाने डिस्कचे माप घ्यावे आणि महिन्याभराचे आलेख जपून ठेवावेत. बदल एका वेळी एकच करावा, त्याची तारीख, कारण आणि सेटिंगचे आधीचे मूल्य लिहून ठेवावे. पाच बदल एकदम केले आणि वेग वाढला, तर त्यांतला कोणता उपयोगी पडला आणि कोणत्याने उलट नुकसान केले, हे पुढे कधीच कळत नाही.

स्नॅपशॉट, बॅकअप आणि स्थलांतर

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो मूळ डिस्कवरच अवलंबून असतो आणि मूळ डिस्क गेली की तोही जातो. शिवाय स्नॅपशॉट घेतल्यापासूनचे सगळे लिखाण वेगळ्या फाइलीत साठते; ती वाढत जाते, वाचन हळू होते आणि अखेरीस विलीन करताना साठ्यावर मोठा ताण येतो. व्हीएमवेअरची स्वतःची शिफारस एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त न ठेवण्याची आणि साखळीत दोन-तीनच ठेवण्याची आहे. अद्ययावत करण्यापूर्वी घ्यावा, सगळे ठीक आहे हे दिसले की काढून टाकावा.

बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा नियम जुना असला तरी पक्का आहे. बॅकअप घेताना गेस्ट एजंट फाइल सिस्टिम क्षणभर स्थिर करतो, म्हणून डेटाबेसच्या मशीनमध्ये तो चालू असल्याची खात्री करावी. दर तिमाहीला एखादे मशीन वेगळ्या, तोडलेल्या नेटवर्कवर प्रत्यक्ष परत उभे करून आत प्रवेश करून पाहावे, आणि त्याला किती वेळ लागला तेही नोंदवावे. संकटाच्या वेळी वरिष्ठ पहिला प्रश्न तोच विचारतात.

चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवताना त्याची मेमरी नेटवर्कवरून पाठवली जाते, आणि तेवढ्या वेळात बदललेली पाने पुन्हा पाठवावी लागतात. १० गिगाबिटच्या जोडणीवर ६४ जीबी पाठवायला उत्तम परिस्थितीतही सुमारे ५१ सेकंद लागतात. पाने पाठवण्याच्या वेगापेक्षा ती बदलण्याचा वेग जास्त असेल, तर स्थलांतर संपतच नाही. म्हणून डेटाबेसची मोठी मशीन शांत वेळी हलवावीत आणि स्थलांतरासाठी स्वतंत्र जोडणी ठेवावी.

अनेक होस्टचा समूह करायचा असेल, तर मतदानासाठी किमान तीन सदस्य हवेत. दोनच होस्ट असताना त्यांच्यातली जोडणी तुटली, तर दुसरा मेला आहे की केवळ दिसत नाही हे कुणालाच ठरवता येत नाही. अशा वेळी तिसरे मत देणारे एखादे छोटे स्वतंत्र यंत्र ठेवावे. क्षमतेचा हिशेब एक होस्ट कमी धरून करावा. प्रत्येकी २५६ जीबीचे तीन होस्ट असतील आणि प्रत्येकावर १६ जीबी होस्टसाठी राखले असतील, तर मशीनना वाटण्याजोगी मेमरी ७२० जीबी नसून ४८० जीबी आहे. हा आकडा नियंत्रणफलकावर आपोआप दिसत नाही. तो स्वतः काढावा, नव्या मशीनची मागणी करण्याच्या अर्जातच छापून ठेवावा आणि प्रत्येक नवे मशीन मंजूर करण्यापूर्वी त्यातून वजा करावा.